गद्धेगाळ म्हणजे धनाची खूण नव्हे

‘गाढव कोरलेल्या दगडाखाली धन पुरलेलं असतं’, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. चित्र चमत्कारिक, अक्षरं पुसट, दगड शिवारात एकटाच उभा. असं वाटणं स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात असा दगड, म्हणजे गद्धेगाळ, ही दानाची जाहीर नोंद असते. वरून खाली पाहत या. वर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर दान चालावं. मधे लेख असेल तर कोणी, कोणाला, काय दिलं. खाली स्त्री आणि गाढव: दान मोडणाऱ्याच्या आईवरून दिलेली शिवी, वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी. (शिवी बाईवरच यावी, हे मला फार खुपतं.) मुंबईतल्या परळच्या शिलालेखात हाच शाप शब्दांत कोरलेला आहे.

आता विचार करा, ज्याला धन लपवायचं आहे तो त्यावर सगळ्यांना दिसेल असा दगड कशाला उभारील?

स्वतः पडताळायचं तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जा. झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. फोटो काढून शिलालेख वाचणाऱ्या अभ्यासकाला दाखवा. खडू किंवा शेंदूर लावू नका. आणि कृपा करून खणू नका: दगड हलला की दान दिलेली जमीन नेमकी कोणती, याचा पुरावाच जातो.