कांदा चाळीत नेमका कशामुळे घटतो?

एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, येवला, चांदवड, सटाण्याच्या शिवारातून उन्हाळ कांदा निघतो आणि त्यातला बराचसा थेट चाळीत, म्हणजे हवा खेळती राहील अशा कांदा साठवायच्या शेडमध्ये, जातो. तेव्हा बाजारात आवक दाटलेली असते, भाव पडलेले असतात. दसरा-दिवाळीपर्यंत थांबलं तर चार पैसे जास्त मिळतील, हा हिशेब. पण पारंपरिक पद्धतीने साठवलेला ३० ते ४० टक्के कांदा पाच-सहा महिन्यांत वाया जातो, असा अंदाज वर्षानुवर्षं मांडला जातोय. १०० क्विंटल भरले आणि ७० निघाले, तर भाव ४३ टक्क्यांनी वाढेल तेव्हा कुठे शेतकरी पुन्हा एप्रिलच्या जागी येतो. चाळीचा खर्च, मजुरी आणि व्याज वेगळंच.

यावर संशोधन झालं नाही, असं मुळीच नाही. राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठान १९७७ पासून कांद्यावर काम करतंय आणि त्याचं चितेगाव फाट्यावरचं केंद्र नाशिककरांना ठाऊक आहे. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन केंद्रसुद्धा १९९४ मध्ये सुरू झालं ते नाशिकमध्येच, १९९८ मध्ये ते तिकडे हललं. तरीही ऑगस्टमध्ये चाळ फोडली की सडीचा वास येतोच. मला याचं एक मोठं कारण दिसतं. ‘घट’ म्हणून आपण एकच आकडा सांगतो, पण तो तीन वेगळ्या घटनांची बेरीज आहे आणि तिघींचे हंगाम वेगळे आहेत.

पहिली घट पाण्याची. काढणीनंतरही कांदा जिवंत असतो, श्वसन करतो आणि ऊब व वाफ बाहेर टाकत राहतो. मे महिन्यात पारा चाळिशीकडे गेला की तो सुकतो आणि वजन कमी होतं. दिसायला कांदा चांगलाच असतो, काट्यावर मात्र कमी भरतो.

दुसरी घट सडीची, ती पावसाबरोबर येते. जून-जुलैत हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते. वरचं साल ओलसर होतं आणि त्याखाली काळी बुरशी वाढते, ती ॲस्परजिलस नायजर. ऑगस्टमध्ये चाळीतला एखादा कांदा हातात घेऊन साल सोलून पाहा. दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरांच्या रेषेने काजळी पसरलेली दिसते आणि बोटं काळी होतात. मान, म्हणजे पात जिथून निघते तो भाग, दाबून पाहिली आणि ती मऊ लागली, तर सड आत उतरलेली असते. थाळीकडून, म्हणजे मुळांच्या बाजूने, शिरणारी फ्युजेरियम बुरशी आणखी वेगळी. तिची लागण बहुतेक वेळा शेतातच झालेली असते, चाळीत ती फक्त उघडी पडते.

तिसरी घट कोंबांची. काढणीनंतर कांदा काही महिने सुप्तावस्थेत असतो. कोंब रोखून धरणारी संप्रेरकं हळूहळू कमी होतात, पेशीविभाजनाला चालना देणारी वाढतात आणि थाळीवरचा मधला डोळा जागा होतो. यात तापमानाचा खेळ विलक्षण आहे. शून्य ते दोन अंशांना कोंब येत नाही आणि २५ ते ३० अंशांनाही फारसा येत नाही. १० ते २० अंशांच्या दरम्यान मात्र तो जोरात येतो. म्हणून पावसाळाभर शांत असलेला कांदा ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री गार पडल्या की हिरवा होऊ लागतो. कांदा उभा चिरला तर बाहेर काही दिसण्याआधीच आत अर्ध्यापर्यंत चढलेला पोपटी कोंब सापडतो.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेला विकिरण प्रकल्प या तिसऱ्या घटीवरचा उपाय आहे आणि शास्त्र म्हणून तो अगदी पक्का आहे. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची साधारण ६० ते ९० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा दिली की डोळ्यातल्या पेशींच्या डीएनएला अशी इजा होते की त्यांचं विभाजन थांबतं. कोंब येत नाही. कांदा किरणोत्सारी होत नाही, खायला सुरक्षित राहतो. पण हे काम सुप्तावस्थेतच, काढणीनंतर लवकर करावं लागतं. शिवाय बुरशी मारायला याच्या कित्येक पट मात्रा लागते आणि पाणी तर किरणांनी अडत नाही. म्हणजे विकिरण केलेला कांदा साध्याच चाळीत ठेवला, तर मे महिन्याची आणि जुलैची घट जशीच्या तशी राहते. शीतगृहाची जोड दिली की चित्र बदलतं, मात्र तिथे वीजबिल येतं आणि बाहेर काढल्यावर गार कांद्यावर पाणी धरतं तो प्रश्नही येतो.

सडीवरचा उपाय बराचसा चाळीच्या बाहेर आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लागवडीनंतर ६० दिवसांपुढे नत्र दिलं तर मान जाड राहते, नीट मिटत नाही आणि तिथूनच रोग आत जातो. निम्म्या माना पडल्यावर काढणी, त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी बंद, काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवणं, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापणं आणि सावलीत पुन्हा दहा-बारा दिवस वाळवणं. चाळीत ढिगाची रुंदी चार फूट आणि उंची पाच फुटांच्या आत ठेवायची, खालून हवा खेळती हवी. ढीग वाढवला की मधली ऊब आणि वाफ बाहेर पडत नाही. हे सगळं संशोधनातूनच आलंय आणि फार महागही नाही. पण काढणीला मजूर एकदमच लागतात, वळवाचा पाऊस डोक्यावर असतो आणि ज्याच्याकडे सावलीची जागा नाही तो दहा दिवस कांदा ठेवणार कुठे? इथे वनस्पतिशास्त्रज्ञाइतकाच मजुरीचा आणि शेतीच्या अर्थकारणाचा अभ्यास करणारा माणूस लागतो.

अर्थकारणाचा झटका तर चाळीच्या भिंतीबाहेरूनच येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये, चाळी भरलेल्या असताना, केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. उत्तम ठेवलेल्या कांद्याचाही हिशेब अशा वेळी कोलमडतो. साठवणुकीचं कोणतंही नवं तंत्र सुचवताना ही जोखीम आकडेमोडीत धरली पाहिजे. ती सोडून काढलेला ‘फायदा’ शेतकऱ्याला पटत नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना करण्यासारखं एक काम मला फार मोलाचं वाटतं. त्याला मोठं यंत्र लागत नाही. भरताना वजन केलेल्या कांद्याच्या जाळीच्या पिशव्या ढिगात वर, मध्ये, तळाशी आणि पश्चिमेच्या कडेला पुरायच्या. शेजारी तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं छोटं उपकरण. दर पंधरा दिवसांनी पिशव्या काढून सुकलेलं, सडलेलं आणि कोंब आलेलं वेगवेगळं तोलायचं. नत्र किती दिलं, पाणी कधी तोडलं, कांदा किती दिवस वाळवला, हे त्या त्या शेतकऱ्याकडून लिहून घ्यायचं. देवळ्याच्या मुरमाड रानातली चाळ आणि गोदाकाठच्या काळ्या जमिनीतली चाळ शेजारी ठेवून पाहिल्या, तर कुठे पंखा लावावा, कुठे ढीग उतरवावा आणि कुणी सरळ जूनमध्येच विकून मोकळं व्हावं, हे सांगता येईल. पिशव्या मात्र चाळ भरतानाच, एप्रिल-मेमध्ये, आत गेल्या पाहिजेत.