विमानांचा माग आणि चुकांचा वारसा

नकाशावर सरकणारे विमानांचे ठिपके बहुतेक वेळा कुणा हौशी माणसाच्या छपरावरच्या अँटेनातून आलेले असतात. विमान आपली जागा सेकंदाला साधारण दोनदा, १०९० मेगाहर्ट्झवर, स्वतःहून सांगत असतं. खालचा रिसीव्हर ते ऐकतो आणि इंटरनेटवरून सर्व्हरकडे पाठवतो. ही मांडणी कुणी एका बैठकीत आखलेली नाही. लष्कराचं तंत्र, हवाई वाहतूक नियंत्रणाची गरज, टीव्हीचा ट्यूनर असं काहीबाही जुळत गेलं आणि प्रत्येक सांध्यात एकेक चूक राहून गेली. असे संदेश सर्व्हरला पुरवणाऱ्या फीडर मंडळींचे आजचे कटाक्ष त्या चुकांच्या पोटी जन्मलेत.

दुसऱ्या महायुद्धात आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे ओळखायला रडारला उत्तर देणारं यंत्र विमानात बसवलं गेलं. नागरी वाहतुकीत त्याचा ट्रान्सपाँडर झाला. नियंत्रक चार आकडी कोड द्यायचा, प्रत्येक आकडा ० ते ७ मधला, म्हणजे एकूण ४०९६ कोड. गर्दी वाढली तसे ते अपुरे पडले. १९७० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत मोड एस हा ट्रान्सपाँडरचा नवा प्रकार आकाराला आला आणि प्रत्येक विमानाला २४ बिटांचा स्वतंत्र पत्ता मिळाला. असे पत्ते १ कोटी ६७ लाखांहून अधिक होतात. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर दोन विमानांची हवेत टक्कर झाली. त्यानंतर टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची होत गेली आणि तिच्यासोबत मोड एस प्रवासी विमानांमध्ये सर्वदूर पोचला. मग त्याच ट्रान्सपाँडरमधून जीपीएसची जागाही पाठवायची, ही एडीएस-बी. संदेश ११२ बिटांचा, उघडा, आणि पाठवणारा खरा कोण हे तपासण्याची कसलीही सोय नसलेला. २०१२ मध्ये सुरक्षा संशोधकांनी ब्लॅक हॅट आणि डेफकॉन परिषदांत हेच जाहीरपणे मांडलं.

या ११२ बिटांतले शेवटचे २४ पडताळणीचे असतात. संदेशात कुठे बिघाड झाला तर गणित जुळत नाही आणि तो टाकून देता येतो. हे स्वतःहून पाठवलेल्या संदेशांचं झालं. रडारला दिलेल्या उत्तरांत मात्र विमानाचा पत्ता याच २४ बिटांत मिसळलेला असतो. म्हणजे नुसती खरखर कानावर पडली तरी गणितातून कुठला ना कुठला पत्ता निघतोच, आणि अस्तित्वातच नसलेलं विमान यादीत उगवतं. यावर डिकोडर, म्हणजे संदेश उकलणारं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांनी काढलेली तोड साधी आहे: जो पत्ता नुकताच स्वच्छ संदेशातून ऐकला असेल, त्याचंच असं उत्तर ग्राह्य धरायचं. बिघडलेले बिट दुरुस्त करण्याचीही सोय असते. एक बिट सुधारणं ठीक. दोन बिट सुधारायला निघालो की कचऱ्यालाही विमानाचं रूप देता येतं. तरीही गेन, म्हणजे संकेत मोठा करण्याचा जोर, चढवून, दुरुस्ती सैल सोडून आपला संदेशांचा आकडा मिरवणारे लोक असतात. आकडा फुगतो, चित्र गढूळ होतं.

स्वस्त डिकोडर यायच्या आधी हा छंद दुर्बीण आणि वहीचा होता. विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहून शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक टिपायचा आणि घरी येऊन यादीशी ताडायचा. २००५ मध्ये ब्रिटनच्या कायनेटिक कंपनीचा एसबीएस-१ रिसीव्हर आला, तेव्हा हीच मंडळी त्याच्याकडे वळली. पण रिसीव्हरला मिळतो तो त्याच २४ बिटांच्या पत्त्याचा सहा अक्षरी हेक्स कोड. विमान कुठलं, कुणाचं, हे तो सांगत नाही. त्यामुळे सोबतच्या बेसस्टेशन सॉफ्टवेअरचा डेटाबेस वापरणाऱ्यांनीच ओळीमागून ओळ भरला. मला विचाराल तर या छंदाची खरी पुंजी अँटेनांत नाही, या भरलेल्या ओळींत आहे. संगणकाच्या पोर्ट ३०००३ वरून येणारी बेसस्टेशनची साधी मजकुरी रचना आजचे डिकोडरही देतात.

अमेरिकी विमानांचं सोपं आहे. तिथे नोंदणी क्रमांकावरून कोड सूत्रानं निघतो, एन१ म्हणजे ए००००१. अनेक देशांत असं सूत्र नाही, याद्या जमवाव्या लागतात. विमान दुसऱ्या देशात विकलं गेलं की नोंदणीसोबत हेक्स कोडही बदलायला हवा. कार्यशाळेत ते राहून गेलं, तर विमान जुन्याच देशाची ओळख सांगत फिरतं. उड्डाणाची खूण तर वैमानिकच हातानं टाइप करतो. आठ जागा असतात. त्यात शून्याऐवजी ओ पडतो, कधी मागच्या फेरीचंच नाव राहतं. अशा वेळी कच्ची नोंद तशीच ठेवून दुरुस्ती वेगळ्या रकान्यात लिहिणारा माणूस जाणता समजावा.

ही शिस्त किती मोलाची, हे २४ मार्च २०१५ ला दिसलं. जर्मनविंग्जचं विमान आल्प्समध्ये कोसळलं. रिसीव्हरांनी साठवलेले कच्चे संदेश खोलात उकलल्यावर ऑटोपायलटला दिलेली उंची ३८,००० फुटांवरून ९६ फुटांवर आणल्याचं दिसलं. प्रत्यक्षात निवडलेली उंची १०० फूट होती. तो आकडा संदेशात १६ फुटांच्या पायऱ्यांनी जातो, म्हणून ९६. असला विचित्र आकडा ‘चूक’ म्हणून आधीच गाळला असता तर दुवाच हरवला असता. नवख्यांना खटकणाऱ्या सगळ्याच गोष्टी बिघाड नसतात. धावपट्टीवरचं विमान कधी उणे उंची दाखवतं, कारण ती उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल या ठरीव दाबावरून मोजलेली असते.

स्वीडनमध्ये २००६ ला हौसेतून सुरू झालेल्या फ्लाइटरडार२४ नं २००९ मध्ये इतरांच्या रिसीव्हरांना दार उघडलं. पुढच्याच वर्षी आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपचं आकाश रिकामं केलं आणि ते रिकामेपण पाहायला लोकांनी गर्दी केली. २०१२ मध्ये टीव्ही पाहण्याच्या यूएसबी डाँगलमधली आरटीएल चिप कच्चे रेडिओ नमुने देऊ शकते, हे सर्वांना कळलं. त्याच वर्षी रास्पबेरी पाय बाजारात आला. रेडिस या डेटाबेस सॉफ्टवेअरचा कर्ता साल्वातोरे सानफिलिपो यानं डम्प१०९० हा डिकोडर लिहिला आणि या छंदाचा खर्च एकदम उतरला. फीडर भराभर वाढले, त्यांच्यासोबत निष्काळजी मांडण्याही.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी म्हणजे रिसीव्हरची जागा चुकीची भरणं. जागा कमी बिटांत बसावी म्हणून अक्षांश-रेखांश प्रत्येकी १७ बिटांत, सम आणि विषम अशा दोन प्रकारच्या संदेशांत पाठवले जातात. १० सेकंदांच्या आत दोन्ही मिळाले की जागा निघते. जमिनीवरच्या विमानाच्या बाबतीत मात्र उत्तरं अनेक निघतात. त्यांतलं बरोबर कोणतं हे रिसीव्हर स्वतःच्या जागेवरून ठरवतो. मूळच चुकलं तर पुढचं सगळं भलतीकडे.

एमएलएटी, म्हणजे अनेक रिसीव्हरांच्या वेळेवरून जागा काढण्याच्या पद्धतीत, हीच चूक शेजाऱ्यांनाही भोवते. जी विमानं आपली जागा सांगत नाहीत, त्यांचा संदेश चार रिसीव्हरांकडे किती अंतरानं पोचला यावरून जागा काढतात. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. स्वस्त रिसीव्हरांची घड्याळं एवढी नेमकी कुठून असणार? म्हणून जागा माहीत असलेल्या विमानांचे संदेश दोघांनी ऐकले की त्यांवरून सर्व्हर त्यांची घड्याळं जुळवतो. कुणी छपराची उंची भरताना फूट आणि मीटर यांची गल्लत केली, किंवा कमकुवत पुरवठ्यामुळे यूएसबीवरचे नमुने गळले, तर जुळणी बिघडते आणि सर्व्हर त्या रिसीव्हरला बाजूला काढतो. वगळला गेलेला माणूस रागावतो, पण सर्व्हरचं बरोबर असतं.

नकाशावरून काही विमानं गाळण्याला विरोध म्हणून २०१६ मध्ये एडीएस-बी एक्स्चेंज हे संकेतस्थळ सुरू झालं. मालकांच्या विनंतीवरून विमानं लपवणं तिथे नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये ते जेटनेट कंपनीनं घेतलं, आणि बरेच फीडर नव्या, लहान जाळ्यांकडे गेले. त्यामुळे दुरुस्त्याही विखुरल्या. एका यादीत सुधारलेला कोड दुसरीकडे महिनोन्महिने जुनाच दिसू शकतो.

आता चूक विमानाकडूनच येते. जीपीएसचा संकेत रेडिओ गोंगाटानं दाबून टाकला तर संदेशातले अचूकतेचे निर्देशांक घसरतात. त्यांवरून २०२२ पासून गोंधळाचे नकाशेही काढले जातात. खोटा जीपीएस संकेत पाठवला तर निर्देशांक चांगलेच राहू शकतात. पूर्व भूमध्य समुद्रावरची विमानं बैरूतच्या विमानतळावर बसलेली दिसली ती अशीच. तिथे ताडायला एमएलएटीच उरतं. पण घड्याळं जुळवायला त्याला खरी जागा सांगणारी विमानं लागतात, आणि त्या पट्ट्यात नेमकी तीच कमी असतात.