अस्थिरोपण साहित्य

अस्थिरोपण साहित्य : मोडलेले हाड जागेवर धरून ठेवण्यासाठी, झिजलेला सांधा बदलण्यासाठी किंवा हाडातील पोकळी भरून काढण्यासाठी शस्त्रक्रियेने शरीरात बसवायचे धातूचे, मृत्तिकाद्रव्याचे वा प्लॅस्टिकचे साहित्य. कोल्हापूरकडे रुग्ण ज्याला सळी, पट्टी, खुब्याचा गोळा किंवा गुडघ्याची वाटी म्हणतात ते सर्व यात येते. बाहेरून बांधायच्या कामट्या, प्लास्टर आणि कृत्रिम पाय यांचा विचार येथे केलेला नाही.

पूर्वपीठिका : ऋग्वेदात अश्विनांनी पाय तुटलेल्या विश्पलेला आयसी (धातूची) जंघा दिल्याचा उल्लेख येतो, आणि त्यावरून धातुरोपणाची सुरुवात थेट वेदकाळात नेण्याचा मोह अनेक लेखकांना होतो. विश्पला ही शर्यतीची घोडी असावी असेही एक मत आहे. ते बाजूला ठेवले तरी मंत्रात वर्णन आहे ते तुटलेल्या पायाऐवजी लावलेल्या पायाचे, शरीराच्या आत बसवलेल्या वस्तूचे नव्हे. सुश्रुतसंहितेत, जिचे आजचे स्वरूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाले असावे, सांधा निखळण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार दिले आहेत. बांधणीसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली व बांबू सांगितला आहे. हाडात काही बसवण्याचा विधी तेथे नाही. कोल्हापूरच्या तालमींत वस्ताद आणि आसपासच्या गावांतील हाडवैद्य निखळलेला खांदा बसवत व मोडलेले हाड कामट्यांनी बांधत, ते याच बाह्य पद्धतीतले होय.

हाडावर धातूची पट्टी स्क्रूने बसवण्याचा पहिला प्रसिद्ध वृत्तान्त हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान यांचा (१८८६). पुढे लेन, लाम्बोट व शर्मन या शल्यविशारदांनी पट्टीचा आकार सुधारला. मात्र गंज व जंतुसंसर्ग या दोन अडचणींनी ही शस्त्रक्रिया दीर्घकाळ अडवून धरली.

पोलाद : आज पट्ट्या व सळ्यांसाठी सर्रास वापरले जाते ते ३१६ एल जातीचे गंजरोधक पोलाद. वैद्यकीय प्रतीत क्रोमियम १७ ते १९, निकेल १३ ते १५ व मॉलिब्डेनम २.२५ ते ३ टक्के असते आणि कार्बन ०.०३ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. कार्बन जास्त झाला की तो कणसीमांवर (धातूतील स्फटिककण एकमेकांना भिडतात त्या रेषांवर) क्रोमियमला बांधून घेतो, तेवढ्या भागातले ऑक्साइडचे संरक्षक पटल दुबळे होते आणि गंज तेथून आत शिरतो. मॉलिब्डेनम क्लोराइडला तोंड देण्यासाठी असते, कारण शरीरातील द्रव हे धातूच्या दृष्टीने कोमट खारे पाणीच. एवढे करूनही काढून आणलेली पट्टी भिंगाखाली धरली तर स्क्रूचे डोके जेथे टेकलेले असते त्या खोलगट कडेला तपकिरी-काळा डाग बहुधा दिसतो. त्या फटीत ऑक्सिजन कमी पोचतो आणि पटल पुन्हा धरत नाही. पट्टी एका धातूची व स्क्रू दुसऱ्या धातूचे वापरू नयेत हा दंडकही गंजाच्या भीतीतूनच आला.

टायटॅनियम व श्रेयाचा वाद : टायटॅनियम हाडाशी थेट जुळते, मध्ये तंतुमय ऊतीचा थर न येता, या शोधाचे श्रेय सामान्यतः स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांना दिले जाते. सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची निरीक्षण-कुपी (आतले रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकाने पाहण्याची नळी) प्रयोग संपल्यावर निघेना, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. सालाबाबत एकमत नाही. लोकप्रिय लेखनात १९५२ आढळते. त्यांच्याच परंपरेतील काही संशोधक मात्र ही घटना गॉथेनबर्ग येथील, म्हणजे १९६० नंतरची मानतात. अस्थिमज्जेतील रक्ताभिसरणावरचा त्यांचा प्रबंध १९५९चा आहे हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मुळात निरीक्षण याहून जुने आहे. बोथ, बीटन व डॅव्हनपोर्ट यांनी १९४० मध्ये मांजरांच्या हाडांत अनेक धातू बसवून पाहिले आणि टायटॅनियमशी हाड जुळून येते असे नोंदवले. गॉटलीब लेव्हेंथल यांनी १९५१ मध्ये उंदरांच्या मांडीच्या हाडांत टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ६ आठवड्यांनी ते थोडे घट्ट झाले होते, १२ आठवड्यांनी काढणे अवघड झाले आणि १६ आठवड्यांनी एका नमुन्यात स्क्रू काढू जाता हाडच मोडले. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा होता, असा प्रश्न पडतो. त्याकडे दुर्लक्ष का झाले याचे एक उत्तर धातुकर्मात आहे. खनिजापासून धातू मिळवण्याच्या क्रोल यांच्या पद्धतीने टायटॅनियमचे व्यापारी उत्पादन १९४८च्या सुमारास सुरू झाले, त्यापूर्वी हा धातू प्रयोगशाळेतील दुर्मीळ वस्तू होता. निरीक्षण बोथ व लेव्हेंथल यांचे, आणि १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यापर्यंत नेऊन वर्षानुवर्षे तपासलेली पद्धत ब्रॉनेमार्क यांची, अशी विभागणी येथे स्वीकारली आहे. दंतवैद्यकात तिला व्यापक मान्यता १९८२च्या टोरांटो परिषदेनंतर मिळाली.

ताठरपणाचा प्रश्न : ताठरपणा, म्हणजे भाराखाली न वाकण्याचा गुण, गिगापास्कल या एककात मोजतात. हाडाच्या कठीण भागाचा तो साधारण १५ ते २०, टायटॅनियम मिश्रधातूचा ११०च्या आसपास आणि पोलादाचा २००च्या जवळ. ताठर पट्टी बराचसा भार स्वतःच उचलते, आणि ज्या हाडावर भार पडत नाही ते विरळ होते (वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम). तरुण मल्लाची किंवा ऊसतोड कामगाराची पट्टी काढावी की राहू द्यावी यावर शल्यविशारदांत मतभेद आहेत. काढल्यावर स्क्रूची छिद्रे भरून येईपर्यंत तेवढा भाग कच्चा राहतो, एवढे निर्विवाद. न काढलेली सळी शेवटपर्यंत शरीरातच राहते. पंचगंगा स्मशानभूमीत शेणींच्या चितेची आच पोलादाच्या वितळबिंदूपर्यंत जात नाही, त्यामुळे रक्षाविसर्जनाच्या वेळी ती राखेत जशीच्या तशी सापडते.

कोल्हापूरचे धातुकाम : शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले येथील ओतकामाचा पाया तेलावरची इंजिने व उसाचे चरक यांवर घातला गेला असे मानले जाते. आजही काम मुख्यतः बिडाचे (ओतीव लोखंडाचे) आहे. जे शहर इंजिनाचा ब्लॉक ओतते त्याला बोटभर स्क्रू काय जड, असा प्रश्न साहजिक आहे, पण अडचण आकाराची नाहीच. बीड १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वाळूच्या साच्यात उघड्या हवेत ओतता येते. टायटॅनियम १६६८ अंशांना वितळते, त्या तापमानाला हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ होते आणि साच्यातील सिलिकाशीही संयोग पावते. म्हणून ते निर्वात भट्टीत, पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या मुशीत वितळवावे लागते. शिवाय पट्ट्या, स्क्रू व सळ्या ओतत नाहीतच. प्रमाणित घडीव सळईतून त्या यंत्रावर कापून काढतात. ओतकाम लागते ते प्रामुख्याने कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याच्या भागांना, आणि तेही मेणाच्या नमुन्यावरून. तेव्हा या परिसरातील कौशल्यांपैकी रोपणाला जवळचे ते सीएनसी (संगणकनियंत्रित कापयंत्र) चालवणाऱ्या कारागिरांचे, साचे करणाऱ्या मोल्डरचे नव्हे. घाट उतरून गेल्यावर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजाची काळी वाळू आहे. मात्र देशातला टायटॅनियम स्पंजचा (खनिजापासून मिळणाऱ्या सच्छिद्र कच्च्या धातूचा) कारखाना केरळात चवरा येथे उभा राहिला (२०११).

सांधे : खुब्याचा कृत्रिम सांधा ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांनी मार्गी लावला. टेफ्लॉनच्या वाट्या काही वर्षांत झिजल्या आणि झिजेच्या कणांनी भोवतालचे हाड खाल्ले. तेव्हा त्यांनी टेफ्लॉन व पॉलिएथिलीनचे नमुने स्वतःच्या मांडीत बसवून पाहिले आणि १९६२ पासून पॉलिएथिलीनची वाटी वापरली.

हाड भरून काढणारी द्रव्ये : ड्रेसमान यांनी १८९२ मध्ये हाडाच्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या. ते काही आठवड्यांत विरघळते, नवे हाड तितक्या लवकर धरत नाही. हाडाच्या खनिज भागाशी जवळचे नाते असलेले हायड्रॉक्सिॲपेटाइट उलट फार सावकाश विरते. त्यात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे अणुप्रमाण १.६७ असते. ते ठिसूळ असल्याने भार पेलत नाही आणि भराव किंवा धातूवरचा लेप म्हणूनच उपयोगी पडते. रक्तवाहिन्या आत शिरण्यासाठी छिद्रे किमान १०० मायक्रॉनची असावीत असा संकेत आहे. लॅरी हेंच यांची १९६९ मधील जैवकाच (सिलिका ४५, सोडा व चुना प्रत्येकी २४.५, फॉस्फरस पेंटॉक्साइड ६ टक्के) हाडाला रासायनिक रीत्या चिकटते. भारतात तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था व कोलकात्याची केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था यांनी या द्रव्यांवर काम केले. अंड्याच्या टरफलातील कॅल्शियम कार्बोनेटपासून हायड्रॉक्सिॲपेटाइट करण्याचे प्रयोगही देशात झाले आहेत. शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतींनी थिन फिल्म (अतिशय पातळ थर) बनवण्याची जुनी परंपरा आहे, आणि कमी तापमानाला लेप देण्याच्या कामी हे ज्ञान लागू पडण्यासारखे आहे.

नियमन : अस्थिरोपणे २००५ मध्ये औषध कायद्याखाली आली. १ जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू आहेत. त्यांत धोक्यानुसार ४ वर्ग असून वरच्या २ वर्गांतील उत्पादनाचा परवाना केंद्रीय प्राधिकरण देते. ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या रोपणांच्या किमतींवर मर्यादा आली व कोबाल्ट-क्रोमियमच्या संचासाठी ती ५४,७२० रुपये ठरली.

ऊतिरोपण : मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये खनिजरहित हाडाच्या चुऱ्यामुळे स्नायूतही नवे हाड धरते असे दाखवले. त्यातून हाडाची वाढ घडवणाऱ्या प्रथिनांचा शोध लागला. कसबा बावडा येथील डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाच्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रात मूलपेशी व पुनर्जनन वैद्यक हा विषय अभ्यासला जातो.