पुएर्तो नारिन्यो (कोलंबियातलं अ‍ॅमेझॉनजवळचं गाव)

पुएर्तो नारिन्यो हे कोलंबियाच्या पार दक्षिण टोकाला, आमासोनास प्रांतात, नदीकाठी वसलेलं छोटं गाव. काटेकोर बोलायचं तर ते थेट अ‍ॅमेझॉनवर नाही, अ‍ॅमेझॉनला मिळणाऱ्या लोरेतोयाकू नदीच्या काठावर आहे, पण संगम इतका जवळ आहे की सगळे त्याला अ‍ॅमेझॉनचं गाव म्हणूनच ओळखतात. इथे यायला रस्ता नाही, विमानतळ नाही, आणि गावात गाड्या-बाइक चालत नाहीत. चाकांवरचं वाहन म्हणजे कचरा नेणारा ट्रॅक्टर आणि गरज पडली तर रुग्णवाहिका, बाकी सगळं पायी. सिमेंटच्या अरुंद वाटा, दोन्ही बाजूंना हिरवळ आणि झाडं, रंगवलेली लाकडी घरं, वर पत्रा आणि पत्र्यावरचं पाणी साठवायला टाक्या. कोलंबियातले लोक या गावाला प्रेमाने 'देशाचा नैसर्गिक पेसेब्रे' म्हणतात, पेसेब्रे म्हणजे नाताळात मांडतात तो येशूजन्माचा देखावा.

बहुतेक पर्यटक इथे लेतिसियाहून, म्हणजे प्रांताच्या मुख्य शहरातून, डे-टूरवर येतात, दोन-तीन तास हिंडतात, मासा-भात खातात, डॉल्फिन दिसला तर दिसला आणि दुपारच्या बोटीने परत. याला गाव बघणं म्हणायचं तर म्हणा, पण निदान दोन रात्री राहिल्याशिवाय हे गाव कसं चालतं ते कळत नाही, कारण इथलं सगळं वेळापत्रक नदीच्या पाण्यावर ठरतं आणि नदीला तुमच्या पॅकेजशी काही घेणंदेणं नसतं.

हे गाव कोलंबियात कसं आलं

नकाशा बघितला तर कोलंबियाचा एक चिंचोळा तुकडा खाली अ‍ॅमेझॉनपर्यंत उतरलेला दिसतो, एका बाजूला पेरू, दुसऱ्या बाजूला ब्राझील. यालाच अ‍ॅमेझॉनचा त्रापेसियो म्हणजे समलंब चौकोन म्हणतात. १९२२च्या सालोमोन-लोसानो कराराने पेरूने हा भाग कोलंबियाला दिला, तो लेतिसियात राहणाऱ्या पेरूच्या लोकांना मुळीच पटला नाही, १९३२ मध्ये काही सशस्त्र लोकांनी लेतिसिया ताब्यात घेतलं आणि दोन देशांत चक्क युद्ध पेटलं. शेवटी राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) मध्यस्थीने आणि १९३४च्या रिओ करारानंतर सीमा कायम झाली. कायम म्हणजे कागदावर, कारण नदी दर वर्षी थोडी सरकते, बेटं तयार होतात, आणि मग बेट कुणाचं यावर वाद होतो. २०२५ मध्ये लेतिसियासमोरच्या सांता रोसा बेटावरून कोलंबिया आणि पेरूत पुन्हा जुंपली होती ती यातूनच.

गाव म्हणून पुएर्तो नारिन्योची स्थापना १९६१ची, नगरपालिकेचा दर्जा १९८४चा. नाव आलंय अंतोनियो नारिन्योवरून. कोलंबियाच्या स्वातंत्र्यलढ्यातला हा माणूस, फ्रेंच राज्यक्रांतीचा मानवी हक्कांचा जाहीरनामा स्पॅनिशमध्ये छापला म्हणून तुरुंगात गेला होता. एवढ्या मोठ्या आमासोनास प्रांतात नगरपालिका दोनच, लेतिसिया आणि ही.

लोक

गावात आणि आसपासच्या वस्त्यांत तिकुना, कोकामा आणि याग्वा या तीन आदिवासी समाजांची वस्ती आहे आणि त्यांच्या राखीव जमिनीचं नाव 'तिकोया' हे तिघांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून केलंय. तिकुना सगळ्यांत जास्त. त्यांची भाषा सुरांवर चालते, म्हणजे तोच उच्चार आवाज चढवून-उतरवून केला की अर्थ बदलतो, आणि आज बोलल्या जाणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं लागत नाही. समाजाचे दोन मोठे गट, पक्ष्यांच्या नावांची पिसांवाली कुळं आणि बाकीची बिनपिसांची, लग्न नेहमी समोरच्या गटात. त्यांच्या कथेनुसार योई या देवाने पहिली माणसं नदीतून गळाने ओढून काढली, आणि गळाला आमिष कसलं तर युकाच्या, म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो त्या कंदाचं. इथल्या जेवणात युका किती आहे ते बघितलं की आमिष बरोबर निवडलं होतं म्हणायचं.

स्पॅनिश सगळ्यांना येते, इंग्लिश फार कमी जणांना. चार वाक्यं स्पॅनिशची पाठ करून गेलात तर बोटवाल्यापासून खानावळीपर्यंत सगळीकडे वागणूक बदलते.

नदीचं वेळापत्रक

लेतिसिया परिसरात वर्षाला साधारण ३२०० ते ३३०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या रत्नागिरीकडे पडतो जवळपास तेवढाच, फक्त कोकणात तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि इथे बारा महिने थोडा थोडा येत राहतो. पण नदी चढते-उतरते ती मुख्यतः इथल्या पावसाने नाही, वर पेरूच्या अँडीज डोंगरात पडणाऱ्या पाण्याने. एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वांत वर असतं, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमाराला सर्वांत खाली, आणि दोन्हींतला फरक दहा मीटरच्याही वर जातो. तीन मजली इमारतीएवढं पाणी वर्षातून एकदा येतं आणि जातं, हे डोक्यात घेतल्याशिवाय घरं खांबांवर का आहेत, धक्का तरंगता का आहे, आणि एका मोसमात तुम्ही बोटीतून सरळ गावात उतरता तर दुसऱ्या मोसमात चिखलातून सामान घेऊन का चढता, ते समजत नाही.

चढत्या पाण्यात जंगलच बुडतं. होडी झाडांच्या शेंड्यांमधून जाते, फांद्या डोक्याला लागतात, आणि जमिनीवरून कधी दिसली नसती ती शेंड्यांवरची आमरी (ऑर्किड) फुलं डोळ्यांसमोर येतात. फळं टपाटप पाण्यात पडतात आणि ती खायला मासे येतात, गामिताना नावाचा मोठा मासा तर दाढांनी कठीण बिया फोडतो, आणि ज्या फुटत नाहीत त्या लांब नेऊन टाकतो, म्हणजे झाडं लावायचं काम इथे मासेही करतात. याच कुळातला एक मासा आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या बाजारात 'रूपचंद' म्हणून मिळतो, तो मूळचा याच खंडातल्या नद्यांचा, आपल्याकडे तळ्यांत वाढवलेला.

उतरत्या पाण्यात उलट चित्र. वाळूचे किनारे उघडे पडतात, मासे थोड्या पाण्यात अडकतात त्यामुळे मासेमारी सोपी, जंगलात पायी फिरता येतं, पण छोट्या फाट्यांमध्ये बोट जात नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये दुष्काळच पडला, २०२४ला तर पाणी इतकं गेलं की या भागातल्या वस्त्यांचा संपर्क तुटायला लागला, जिथे बोट जायची तिथून लोक पिण्याचं पाणी आणि सामान पाठीवर घेऊन चालत होते. म्हणून 'कधी जावं' याचं एकच उत्तर नाही. बुडालेलं जंगल आणि डॉल्फिन हवे असतील तर मार्च ते जून, पायवाटा आणि किनारे हवे असतील तर जुलै ते सप्टेंबर, पण तिकीट काढायच्या आधी त्या वर्षीच्या पाण्याची चौकशी करा.

तारापोतो तलाव आणि डॉल्फिन

गावापासून होडीने थोड्या अंतरावर तारापोतो तलावांचा समूह आहे. २०१८ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, ४५ हजार हेक्टरहून जास्त क्षेत्र, कोलंबियाच्या अ‍ॅमेझॉन भागातली अशी ही पहिली जागा. इथे दोन जातींचे डॉल्फिन आहेत. एक करडा, लहान, समुद्री डॉल्फिनसारखा उडी मारणारा, त्याला तुकुशी म्हणतात. दुसरा गुलाबी, बुफेओ, मोठा आणि सावकाश. गुलाबीच्या मानेचे मणके जोडलेले नसल्याने त्याला मान वळवता येते, आणि म्हणूनच तो बुडालेल्या जंगलात झाडांच्या बुंध्यांमधून शिकार करू शकतो. दोन्ही जाती आज धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत.

होडीवाला तलावाच्या मधोमध इंजिन बंद करतो. इंजिन म्हणजे पेके-पेके, लांब दांड्याला पंखा असलेलं, नाव आवाजावरून पडलेलं, ते थांबलं की कान एकदम रिकामे होतात. मग आधी ऐकू येतो तो श्वास, कुणी जोरात नाक शिंकरावं तसा फुस्स आवाज, मागे वळेपर्यंत फक्त वर्तुळं उरलेली. गुलाबी पाठ दिसते ती दोन सेकंद. फोटो बहुतेक पाण्याचेच येतात. ज्यांना उडी मारणारा गुलाबी डॉल्फिन पोस्टरसारखा हवा असतो ते इथे नाराज होतात, आणि काही होडीवाले त्यांना खूश करायला डॉल्फिनच्या मागे इंजिन लावून जातात. तसं करायला सांगू नका, कुणी करत असेल तर थांबवा.

गावात केंद्र असलेली ओमाचा ही संस्था १९९३ पासून डॉल्फिनांवर काम करते, तिचे संस्थापक फर्नांदो त्रुहिल्यो यांना २०२४ मध्ये नॅशनल जिओग्राफिकचा वर्षातल्या सर्वोत्तम एक्सप्लोररचा मान मिळाला. डॉल्फिनचा एक मोठा शत्रू बाजारातून आला. मोता नावाचा मढं खाणारा कॅटफिश पकडायला डॉल्फिनचं मांस आमिष म्हणून वापरलं जायचं, आणि शहरात तो मासा दुसऱ्याच नावाने खपायचा, खाणाऱ्याला पत्ताच नाही. त्याच्या मांसात पाराही जास्त सापडला. २०१७ मध्ये कोलंबियाने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. एरवी डॉल्फिनला मारायला लोक पूर्वीपासून कचरतात, कारण कथांमध्ये तो रात्री माणूस होऊन नाचाला येतो, डोक्यावरची टोपी म्हणजे पाकट मासा, आणि आवडलेल्या पोरीला पाण्याखाली घेऊन जातो.

धक्क्याजवळचं नातुतामा केंद्र अजिबात चुकवू नका. लाकडात कोरलेले डॉल्फिन, कासवं, पिरारुकू नावाचा मोठा मासा आणि मॅनेटी हा पाण्यात राहणारा गवतखाऊ सस्तन प्राणी अंधाऱ्या खोलीत असे मांडलेत की आपण नदीच्या तळाशी उभे आहोत असं वाटतं, आणि माहिती सांगणारे इथलेच लोक. मॅनेटीची शिकार इथे पूर्वी सर्रास व्हायची, ती कमी होण्यात या केंद्राच्या कामाचा मोठा वाटा आहे. नाय पाता हा लाकडी मनोराही आहे, वरून दोन्ही नद्या दिसतात, उघडा आहे का ते आधी विचारून घ्या.

खाणं

मुख्य म्हणजे मासा, भात, तळलेलं केळं आणि फारिन्या, म्हणजे युकाचे भाजलेले दाणे. पातारास्का हा प्रकार मिळाला तर खाच, मासा पानात बांधून निखाऱ्यावर भाजलेला. पिरारुकू हा तीन मीटरपर्यंत वाढणारा, हवेत येऊन श्वास घेणारा मासा, त्याच्या विणीच्या काळात पकडायला बंदी असते, तेव्हा हॉटेलात 'ताजा पिरारुकू' म्हणून वाढत असतील तर दोन प्रश्न विचारायला हरकत नाही.

फारिन्या युकाच्या कडू जातीपासून करतात. कडू कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, म्हणून तो पाण्यात भिजवून मऊ करायचा, किसायचा, लांब विणलेल्या पिळाच्या पिशवीत भरून रस काढायचा, मग मोठ्या तव्यावर सतत हलवत तासन्‌तास भाजायचा. तव्यापाशी उभी राहणारी बाई वल्ह्यासारख्या लाकडी दांड्याने तो ढवळत असते, धूर डोळ्यांत जातो, आणि शेवटी हातात येतात ते पिवळे, खडबडीत, दाताखाली कडकड वाजणारे दाणे, महिनोन्‌महिने टिकणारे. याच कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो, फक्त आपल्याकडे तो स्टार्च काढून गोल केलेला. शाकाहारी लोकांनी भात, राजमा, अंडी, केळी यावर दिवस काढायची तयारी ठेवावी. फळांची मात्र चैन आहे, कोपोआसूचा रस तर दिवसातून दोनदा.

जायचं कसं

बोगोताहून लेतिसियाला विमानाने साधारण दोन तास, रस्ता नाहीच. विमानतळावर पर्यटकांकडून प्रवेशशुल्क घेतात. लेतिसियाच्या धक्क्यावरून पुएर्तो नारिन्योला वेगवान प्रवासी बोटी जातात, नदीच्या उलट्या दिशेने दोनेक तास. तिकीट आदल्या दिवशी काढा, पासपोर्ट जवळ ठेवा. पैसे रोखीत आणि सुट्टे न्या, कारण गावात एटीएमच्या भरवशावर राहणं म्हणजे अडकणं. नेटवर्क येतं-जातं. विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर संध्याकाळी सहाच्या आसपास अंधार पडतो, त्याच्या आधीचा तास म्हणजे मैदानावर फुटबॉल, सगळं गाव तिथे.

पिवळ्या तापाची लस घ्याच, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, भारतात ती ठराविक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. प्रमाणपत्र परत येताना जास्त लागतं, ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरिया आणि डेंग्यू या भागात आहेत, तेव्हा लांब बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी.

नदीपलीकडे पेरूच्या काही वस्त्यांमध्ये स्लॉथ, माकडं, अ‍ॅनाकोंडा हातात देऊन फोटो काढायचा धंदा चालतो. ही पिल्लं आईला मारून किंवा पळवून आणलेली असतात आणि हाताळून हाताळून मरतात, टूरमध्ये तो थांबा असेल तर आधीच नको म्हणून सांगा.

लेतिसिया, ब्राझीलचं तबातिंगा आणि पेरूचं सांता रोसा यांच्यात शिक्क्याशिवाय फिरता येतं. पण तिथून पुढे बोटीने पेरूतल्या इकितोसला किंवा खाली ब्राझीलमधल्या मनौसला जायचं असेल तर आधी लेतिसियात कोलंबियाचा निर्गमन शिक्का आणि मग पुढच्या देशाचा प्रवेश शिक्का घ्यावा लागतो, आणि ही ऑफिसं बोटीच्या वेळेला उघडी असतीलच असं नाही, म्हणून हे काम एक दिवस आधी उरका.