उलटे ग्लो इंजिन

उलटे ग्लो इंजिन : विमान-प्रतिकृतीच्या नाकात, सिलिंडरचे हेड जमिनीकडे येईल अशा रीतीने बसवलेले टू-स्ट्रोक ग्लो इंजिन. त्यासाठी वेगळे इंजिन लागत नाही. नेहमीचेच इंजिन क्रँकशाफ्टभोवती, म्हणजे पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्या दांड्याभोवती, १८० अंशांत फिरवून माउंटवर (इंजिन धरणाऱ्या बैठकीवर) आवळले की झाले. सरळ बसवलेले इंजिनही विमान पाठीवर उडत असताना उलटेच असते आणि बिनतक्रार चालते. उलट्या इंजिनाची सारी अडचण जमिनीवरची आहे : सुरू करताना, कमी रेसवर ठेवताना आणि विमान नुसते उभे असताना इंधन वजनाने खाली उतरते, आणि खाली प्लग असतो.

ग्लो इंजिनाला ठिणगीसाठी वीज देणारा मॅग्नेटो नसतो, ठिणगीही नसते. प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या बारीक तारेची गुंडाळी असते. सुरू करताना तिला सुमारे १.५ व्होल्टचा सेल लावून लाल करतात. इंजिनाने धरले की सेल काढून घेतात. पुढे दाबाची उष्णता, आधीच्या ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची होणारी उत्प्रेरकी अभिक्रिया यांवर तार तापलेली राहते. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत रे आर्डेन यांनी असा प्लग बाजारात आणला आणि छोट्या विमानांवरचे कॉइल, कंडेन्सर व बॅटरीचे ओझे उतरले. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात साधारण १५ ते २५ टक्के तेल आणि हवे तर थोडे नायट्रोमिथेन. वंगण इंधनातच असल्यामुळे क्रँककेसमध्ये सतत ओले मिश्रण खेळत असते. इंजिन सरळ असेल तर जास्तीचे इंधन क्रँककेसच्या तळाशी पडून राहते आणि हळूहळू उडून जाते. उलट्या इंजिनात तेच इंधन ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे क्रँककेस आणि सिलिंडर जोडणाऱ्या वाटेतून, सिलिंडरमध्ये आणि तिथून थेट प्लगवर ओघळते. ओला प्लग काढून पुसणे जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरवाल्यांच्या अंगवळणी पडलेले होते. तिथे निदान ठिणगीला बाहेरची वीज होती. इथे तार थंड झाली की इंजिन तिथेच बंद.

एवढी कटकट पत्करून इंजिन उलटे का बसवायचे? एक कारण रूपाचे. ज्या मूळ विमानांचे नाक वरून सपाट आणि निमुळते असते, त्यांच्या प्रतिकृतीत वर आलेले सिलिंडर फार खटकते. दुसरे कारण अधिक पक्के आहे. उलट्या मांडणीत क्रँकशाफ्ट नाकात वर घेता येतो, पंख्याचे टोक जमिनीपासून उंच राहते आणि चाकांचे पाय आखूड ठेवता येतात. माणसे नेणाऱ्या विमानांतही याच कारणांनी इंजिने उलटी बसवली गेली. शिवाय वैमानिकाला समोरचे नीट दिसते. टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश प्रशिक्षण विमानातले जिप्सी मेजर हे चार सिलिंडरचे इंजिन उलटे होते. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले आणि १९५१ मध्ये प्रथम उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही उलट्या सिरस मेजर इंजिनावर चालत असे. ज्याला एचटी-२ ची प्रतिकृती करायची आहे, त्याने इंजिन उलटेच बसवावे. सरळ सिलिंडर वर काढून त्या विमानाची चेहरेपट्टी बिघडवू नये.

टाकीची उंची हा या विषयाचा गाभा आहे. इंजिनाला दिली जाणारी बहुतेक दूषणे खरे तर टाकीची असतात. नेहमीच्या ६.५ ते ७.५ सीसी इंजिनात कार्ब्युरेटरची इंधन-नळी क्रँकशाफ्टच्या मध्यापासून साधारण दोन-अडीच सेंटीमीटर वर असते. इंजिन उलटे केले की ती तेवढीच खाली जाते. म्हणजे पूर्वी बरोबर असलेली टाकी आता नीडलच्या (त्या नळीत इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईच्या) तुलनेत चार-पाच सेंटीमीटर उंचावर आली. टाकी भरताच सायफन चालू होतो आणि कोणी हात लावला नसताना इंधन इंजिनात झिरपत राहते. म्हणून उलट्या मांडणीत टाकी खाली घ्यावी लागते : तिची मध्यरेषा नीडलच्या पातळीत किंवा ५ ते १० मिलिमीटर खाली. सायलेन्सरमधून टाकीला दाबाची नळी दिली की पातळीतला चढउतार बराच झाकला जातो, पण चुकीच्या जागी बसलेली टाकी त्याने सुधारत नाही. काही सांगाड्यांत खाली जागाच नसते. तिथे फायरवॉल (इंजिनामागची फळी) कापण्याची तयारी नसेल तर इंजिन आडवे बसवावे. आडवे इंजिन ही कमीपणाची तडजोड नव्हे, पुष्कळ विमानांना तेच शोभते. कसेही असले तरी टाकी भरताना आणि भरून ठेवल्यावर इंधनाच्या नळीला चिमटा लावण्याची सवय ठेवावी.

चिमटा विसरला तर काय होते, याचा हिशेब सोपा आहे. ७.५ सीसी इंजिनाचे दाब-गुणोत्तर ९ धरले तर पिस्टन वर पोचल्यावर हेडमध्ये एक मिलिलिटरपेक्षाही कमी जागा उरते. चहाच्या चमच्याच्या पाचव्या हिश्शाएवढे इंधन तिथे साचले की पिस्टनला जायला वाट नाही, कारण द्रव दाबला जात नाही. हाताने पंखा फिरवणाऱ्याला ही अडवणूक बोटांना कळते. इलेक्ट्रिक स्टार्टरला ती कळत नाही. तो जोर लावतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून स्टार्टर टेकवण्याआधी, प्लगला सेल न लावता, पंखा दोन वेळा हाताने पूर्ण फिरवून पाहावा. घट्ट लागला तर प्लग काढावा, पंखा फिरवून इंधन बाहेर उडू द्यावे, प्लग कोरडा करून सेलवर नारिंगी होतो का पाहावे आणि मगच पुढे जावे. घाईने झालेले नुकसान भरून निघत नाही, विशेषतः जुन्या इंजिनाचा रॉड आता कुठेच मिळत नसतो तेव्हा.

सुरू करण्याची एक चांगली पद्धत म्हणजे विमान पाळण्यात, म्हणजे ते टेकवायच्या घोडीत, पाठीवर ठेवणे. इंजिन सरळ होते, प्लग वर येतो, ते लगेच धरते. मग विमान सावकाश सुलटे करायचे. मात्र या स्थितीत टाकीची हवेची नळी तळाशी जाते आणि भरल्या टाकीतले इंधन तिच्यातून सायलेन्सरमध्ये उतरते. म्हणून पाठीवर ठेवलेले विमान रेंगाळू देऊ नये. सवय झालेले लोक विमान सुलटेच ठेवून, इंधन अगदी बेताने ओढून घेऊन सुरू करतात. इंधन पाजण्यात हात आखडता घेणे हे उलट्या इंजिनाचे पहिले शिक्षण.

खरी परीक्षा कमी रेसवर होते. कमी रेसला कार्ब्युरेटरमधला हवेचा झोत मंद असतो, इंधनाचे थेंब नीट फुटत नाहीत, आणि ते खाली प्लगवर पडतात. म्हणून लो नीडल, म्हणजे कमी रेसचे इंधन ठरवणारी सुई, सरळ इंजिनापेक्षा किंचित आवळलेली लागते. आयडल-बारचा, म्हणजे तारेपुढे आडवी पट्टी असलेला, थोडा गरम जातीचा प्लग घ्यावा. पूर्ण रेसची नीडल मात्र थोडी ओलीच, म्हणजे इंधन किंचित जास्त जाईल अशी, ठेवावी. नळी क्षणभर चिमटीत धरली असता रेस जराशी वाढून मग पडली तर जुळणी बरोबर. हे तपासताना नाक वर धरून पाहायला विसरू नये. तरीही आयडल, म्हणजे कमी रेस, टिकत नसेल तर १.२ व्होल्टचा एक रिचार्जेबल सेल विमानातच ठेवून, रेस कमी होताच प्लगला वीज देणारा स्विच थ्रॉटलला जोडतात. काही जणांना ही कुबडी वाटते. ती वजन वाढवते हे खरे, पण विमान वाचवते.

कोल्हापुरात उडवणाऱ्यांना ही बाब जास्त महत्त्वाची. पावसाळ्यानंतर माळाच्या कडेपर्यंत ऊस उभा असतो. उतरण्याच्या फेरीत इंजिन बंद पडले आणि विमान डोक्याएवढ्या उसात शिरले की शोधायला अर्धा दिवस जातो, आणि पाचटाने पंखांचे कापड फाटते ते वेगळेच. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर असल्याने हवा किनाऱ्यापेक्षा जवळपास ५ टक्के विरळ आहे. रत्नागिरीच्या पुळणीवर जुळवलेले इंजिन आंबा घाट चढून आले की थोडे ओले चालते, आणि ओलेपणा उलट्या इंजिनाला सर्वांत जाचतो. नीडल इथे पुन्हा जुळवावीच लागते. कामाच्या बाबतीत हे गाव भाग्यवान आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर अॅल्युमिनियमचा माउंट किंवा टाकी खाली घेण्याचे ब्रॅकेट करून मिळणे अवघड नाही. ऑइल इंजिने घडवलेल्या गावाला एवढे काम किरकोळ आहे. उडवण्याची जागा निवडताना उजळाईवाडीचे विमानतळ ध्यानात ठेवावे आणि ड्रोन नियम, २०२१ नुसार डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर क्षेत्र पाहून घ्यावे.

मिथेनॉल आणि साखर कारखान्यातले इथेनॉल यांत गल्लत करू नये. मिथेनॉल विष आहे, थोडे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. आणि उन्हात त्याची ज्वाला दिसत नाही. मुलांच्या हाती कॅन देऊ नये, आणि पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नये. तेलात शुद्ध एरंडेल अजूनही उत्तम. अतितापातही ते पिस्टनवरून सुटत नाही. मात्र ते वाळले की चिकटते, आणि उलट्या इंजिनात उरलेले सगळे हेडमध्येच जमते. मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे आषाढ-श्रावणात बेअरिंगला गंज चढतो. दिवसाच्या शेवटी नळी काढून इंजिन कोरडे होईपर्यंत चालवावे, कार्ब्युरेटरमध्ये हलक्या तेलाचे चार थेंब सोडून पंखा फिरवावा, आणि विमान भिंतीवर पाठ खाली येईल असे टांगावे, म्हणजे हेड वर राहील आणि प्लग कोरडा.