स्पिनलॉकला मेमरीचं अंतर का मोजावं लागलं

गोव्यात फर्मागुडीच्या पठारावर असो की झुआरीनगरला, ऑपरेटिंग सिस्टीम शिकणाऱ्या विद्यार्थ्याची लॉकशी, म्हणजे सामाईक माहितीला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून घातलेल्या कुलपाशी, ओळख होते ती सेमाफोर आणि म्युटेक्सच्या धड्यातून. त्या धड्यात मेमरी एकसंध असते. कुठल्याही प्रोसेसरने कुठलाही पत्ता वाचला तरी लागणारा वेळ तेवढाच, हे गृहीत धरलेलं असतं. पण दोन सॉकेटच्या (म्हणजे प्रोसेसर बसवायच्या दोन जागा असलेल्या) खऱ्या सर्व्हरवर ‘नुमासीटीएल’ या आज्ञेकडे हार्डवेअरची माहिती मागितली, की शेवटी एक छोटा तक्ता येतो. स्वतःच्या नोडच्या (म्हणजे काही कोअर आणि त्यांना जवळची मेमरी यांच्या गटाच्या) मेमरीसमोर 10, पलीकडच्या नोडसमोर बहुधा 20 किंवा 21. हे नॅनोसेकंद नव्हेत, फर्मवेअरने सांगितलेलं सापेक्ष अंतर आहे. लिनक्सच्या स्पिनलॉकमधला एक मोठा वाद या अंतरावरूनच उभा राहिला. तो समजायला थोडं मागे जावं लागतं.

स्पिनलॉक म्हणजे कर्नलमधलं, ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातलं, सगळ्यात साधं कुलूप. ते मिळेपर्यंत प्रोसेसर झोपी जात नाही, जागच्या जागी पुन्हा पुन्हा तपासत राहतो. लिनक्समध्ये एकापेक्षा जास्त प्रोसेसरची सोय 1996 च्या 2.0 आवृत्तीत आली, तेव्हा जवळजवळ संपूर्ण कर्नलला एकच मोठं लॉक होतं. पुढे ते तुकड्यातुकड्याने फोडत नेलं आणि त्याचा शेवटचा अंश 2011 मध्ये, 2.6.39 आवृत्तीत निघाला. तोवर कर्नलमध्ये जागोजागी बारीक स्पिनलॉक आले होते. आतून ते अगदी साधे होते: मेमरीतला एक आकडा अणुक्रियेने (मध्ये दुसऱ्या कोणाला शिरता येत नाही अशा क्रियेने) बदलायचा, ज्याचा बदल आधी लागेल त्याला लॉक.

पद्धत साधी, पण तिच्यात एक पक्षपात दडलेला होता. लॉकचा आकडा ज्या कॅश लाइनमध्ये (प्रोसेसरजवळच्या वेगवान साठ्याच्या एका तुकड्यात) आहे, ती लाइन एका वेळी एकाच कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणनकेंद्राच्या, ताब्यात बदलण्याजोग्या अवस्थेत असू शकते. लॉक सोडणाऱ्या कोअरकडे ती आधीच असते. म्हणून त्याने स्वतः किंवा त्याच्या शेजाऱ्याने लगेच पुन्हा हात घातला, तर त्यांनाच ते सहज मिळतं आणि दूरच्या सॉकेटवरचा कोअर ताटकळत राहतो. एसजीआयचं ओरिजिन 2000 आणि सीक्वेंटचं नुमा-क्यू ही 1996 ची महागडी यंत्रं होती, त्यामुळे हा त्रास थोड्यांपुरताच राहिला. 2003 मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला. त्यात मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच होता. प्रत्येक सॉकेटची मेमरी वेगळी झाली आणि साध्या दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्येही ‘जवळची’ आणि ‘लांबची’ मेमरी असा भेद आला. इंटेलनेही 2008 पासून, नेहेलम पिढीपासून, तीच वाट धरली.

लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्या निक पिगिन यांनी हा पक्षपात मोजून दाखवला. आठ कोअरच्या, दोन सॉकेटच्या ऑप्टेरॉनवर त्यांच्या चाचणीत काही थ्रेडना (एकाच वेळी समांतर चालणाऱ्या कामांना) दुसऱ्यांच्या दुप्पट वेळ लागत होता, आणि काही थ्रेड डावलले जाऊन बाकीच्यांना लॉक दहा लाख वेळांपर्यंत मिळत होतं. त्यावर उपाय म्हणून 2008 मध्ये, 2.6.25 आवृत्तीत, तिकीट लॉक आलं. येणाऱ्याने एक क्रमांक घ्यायचा आणि ‘आता कोणाची पाळी’ हा दुसरा आकडा स्वतःच्या क्रमांकाशी जुळेपर्यंत थांबायचं. यात कोणावर अन्याय होत नाही. मात्र या बदलाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. जुनं लॉक अन्यायी होतं, पण त्या अन्यायामुळेच ते नकळत जवळच्या जवळ फिरत होतं. तिकिटाने अन्याय घालवला तसा हा जवळपणाही घालवला. आता पाळी कुठल्याही सॉकेटवर जाऊ लागली.

शिवाय थांबलेले सगळे एकाच कॅश लाइनकडे पाहत होते. पाळीचा आकडा बदलला की सगळ्यांच्या प्रती बाद व्हायच्या आणि सगळे एकदम नवी प्रत मागायचे. एमआयटीतल्या बॉइड-विकिझर, काशुक, मॉरिस आणि झेल्डोविच यांनी 2012 मध्ये 48 कोअरच्या यंत्रावर याचा परिणाम दाखवून दिला. कोअर वाढवले की वेग एका मर्यादेपर्यंत वाढतो, आणि मग हळूहळू कमी न होता एकदम कोसळतो.

यावरचं उत्तर 1991 पासून तयार होतं. जॉन मेलर-क्रमी आणि मायकेल स्कॉट यांच्या एमसीएस लॉकमध्ये थांबणाऱ्यांची साखळी असते. प्रत्येकजण स्वतःच्याच नोंदीकडे पाहत थांबतो आणि पुढचा माणूस सोडताना फक्त त्याच्या नोंदीत खूण करतो. या कामाला 2006 चं डाइक्स्ट्रा पारितोषिक मिळालं. मग लिनक्सने ते घ्यायला एवढी वर्षं का लावली? अडलं चार बाइटवर, कारण लॉकला तेवढीच जागा होती. कर्नलमध्ये स्पिनलॉक असंख्य रचनांच्या पोटात बसलेला असतो. मेमरीच्या प्रत्येक पानासाठी ठेवलेल्या नोंदीतही तो असतो. 4096 बाइटच्या प्रत्येक पानामागे अशी 64 बाइटची नोंद असते, आणि तिथे लॉक फुगवला की सगळ्या यंत्राची मेमरी त्याची किंमत मोजते. साखळीच्या शेवटाचा पत्ताच 64 बिटच्या यंत्रावर आठ बाइट घेतो. वेमन लाँग आणि पीटर झिल्स्ट्रा यांच्या प्रयत्नांतून आलेल्या क्यूस्पिनलॉकने हा पेच सोडवला. पत्त्याऐवजी कोअरचा क्रमांक आणि दोन बिटचा निर्देशांक ठेवला, कारण एका कोअरवर एकाच वेळी जास्तीत जास्त चार संदर्भांतून स्पिनलॉकसाठी थांबावं लागतं: साधं काम, सॉफ्ट इंटरप्ट, हार्ड इंटरप्ट आणि न रोखता येणारा इंटरप्ट (इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून लक्ष मागणारी हाक). सगळं 32 बिटमध्ये बसलं आणि 2015 मध्ये, 4.2 आवृत्तीत, ते आत आलं. या रचनेतली काटकसर मला आजही थक्क करते.

तरीही रांग ‘आधी येईल तो आधी’ याच नियमाने चालत होती आणि नोडचं अंतर तिला ठाऊक नव्हतं. रायबंदर आणि चोडण या दोन्ही काठांवरच्या लोकांना एकाच वहीत नोंद करायची आहे असं समजा. पाळी एकदा या काठाची, एकदा त्या काठाची अशी आली, तर प्रत्येक नोंदीसाठी वही फेरीबोटीतून मांडवी ओलांडेल. एका काठाचे सगळे आधी उरकले तर ती एकदाच ओलांडेल. लॉक आणि लॉकने राखलेली माहिती यांच्या कॅश लाइनचं असंच होतं. लॉकपेक्षा त्या माहितीची ये-जा अनेकदा जास्त महाग पडते, कारण लॉक हातात आल्यावर कोअर तिलाच हात लावतो.

हा विचार संशोधनात आधीच झाला होता. स्वीडनमधल्या उप्सालाच्या झोरान राडोविच आणि एरिक हागर्स्टन यांनी 2003 मध्ये लॉकच्या आकड्यातच धारकाच्या नोडचा क्रमांक ठेवला. त्याच नोडवरच्याने थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, दूरच्याने जास्त थांबायचं. यात दूरचा उपाशी राहण्याची भीती उरते. 2012 मध्ये डेव्ह डाइस, वीरेंद्र मराठे आणि नीर शाविट यांनी ‘कोहॉर्ट’ पद्धत मांडली: प्रत्येक नोडचं एक लॉक आणि वर एक सामाईक लॉक. नोडवाल्यांनी आपसात ठरावीक वेळा पाळी फिरवायची आणि मग वरचं लॉक सोडायचं. कल्पना सुंदर आहे, पण नोड वाढले तसं लॉकही वाढतं. कर्नलला ते परवडत नाही.

डाइस आणि ॲलेक्स कोगन यांनी 2019 मध्ये हीच अडचण हेरली. त्यांच्या सीएनए लॉकचा आकार वाढत नाही. रांग एकाची दोन होते: मुख्य आणि दुय्यम. पाळी सोपवताना मुख्य रांगेत पुढे आपल्याच नोडवरचा कोण आहे हे पाहायचं आणि मधल्या परक्या नोडवाल्यांना दुय्यम रांगेत सरकवायचं. त्या रांगेचा पत्ता लॉकमध्ये ठेवत नाहीत, थांबलेल्यांच्या नोंदींतूनच तो पुढे जातो. मुख्य रांगेत आपल्या नोडवरचं कोणी उरलं नाही, किंवा ठरलेली मर्यादा उलटली, की दुय्यम रांग पुढे आणायची. म्हणजे 2008 च्या आधी जो जवळपणा अपघाताने मिळत होता, तोच आता जाणूनबुजून आणि मर्यादा घालून परत आणला आहे.

कोगन यांनी 2019 च्या जानेवारीपासून हा बदल लिनक्ससाठी पाठवला. चार सॉकेटच्या, प्रत्येकी 18 कोअरच्या सर्व्हरवर चाचण्या झाल्या. 2021 च्या मेपर्यंत या बदलाच्या पंधराव्या आवृत्तीपर्यंत मजल गेली, पण मुख्य कर्नलमध्ये प्रवेश मिळाला नाही. मला हा सावधपणा योग्य वाटतो. स्पिनलॉक धरलेला असतो तेव्हा पुष्कळदा इंटरप्ट बंद असतात, आणि तशा अवस्थेत कोणाला मागे सरकवलं तर अख्खा कोअर तेवढा वेळ बहिरा होतो. पुढच्या आवृत्त्यांत अशांना प्राधान्य दिलं गेलं ते यासाठीच. शिवाय एखाद्या लॉकवर एवढी गर्दी होत असेल, तर ते लॉक फोडणं हा कर्नलवाल्यांचा जुना आणि बहुतेकदा बरा उपाय आहे. सीएनएची खरी गरज आहे ती जिथे फोडायला जागाच उरलेली नाही तिथे.

हार्डवेअरही एका जागी थांबलेलं नाही. 2017 च्या एएमडीच्या पहिल्या एपिक प्रोसेसरमध्ये एकाच सॉकेटमध्ये सिलिकॉनच्या चार चकत्या होत्या, प्रत्येकीचा मेमरी कंट्रोलर वेगळा. दोन सॉकेटमध्ये आठ नोड दिसायचे आणि त्यांच्यातली अंतरंही सारखी नव्हती. ‘आपला नोड आणि बाकीचे’ एवढाच भेद जाणणाऱ्या लॉकला तिथे अर्धंच चित्र दिसतं.

हे सगळं स्वतः पडताळू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सीएनएच्या त्या बदलात यंत्र सुरू करताना देण्याचा एक पर्याय आहे. तो ‘ऑटो’वर असेल तर सीएनए दोनच अटींवर चालू होतं: नोड एकाहून जास्त असावेत आणि कर्नल साध्या, पॅराव्हर्च्युअल (आभासी यंत्रासाठी खास बदललेल्या) नसलेल्या लॉकवर चालत असावा. भाड्याच्या आभासी यंत्रावर ही दुसरी अट सहसा मोडते. तिथे ‘ऑटो’वर मोजलेले आकडे बहुधा जुन्या क्यूस्पिनलॉकचेच असतात, म्हणून तुलना करायची तर दोन सॉकेटचं खरं यंत्र मिळवावं लागतं.