विवरे बुद्रुक गेलं कुठे?

रावेर तालुक्यात विवरे नावाची दोन गावं आहेत, विवरे बुद्रुक आणि विवरे खुर्द. वाघोदाही दोन आहेत. बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे लहान, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मी लिहिलेल्या एका छोट्या स्क्रिप्टला मात्र ते ठाऊक नव्हतं, आणि एका संध्याकाळी विवरे बुद्रुकहून आलेली ६४ क्विंटल केळी हिशोबातून नाहीशी झाली.

काम साधं होतं. केळीच्या एका व्यापाऱ्याकडे दिवसभर काट्यावर गाड्या यायच्या. दिवाणजी प्रत्येक गाडीची एक ओळ संगणकात टाइप करायचे, रोमन लिपीत: आधी गाव, मग वजन, मग भाव. संध्याकाळी शेल स्क्रिप्टने ती फाईल वाचायची आणि एकूण वजन सांगायचं. शेल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आपण टाइप केलेल्या आज्ञा वाचून त्या पार पाडणारा प्रोग्राम, आणि स्क्रिप्ट म्हणजे अशा आज्ञा ओळीने लिहून ठेवलेली फाईल. त्या दिवशी बेरीज आली, कुठलीही चूक दाखवली गेली नाही. दिवाणजींनी वहीतली बेरीज केली तेव्हा ६४ क्विंटलचा फरक निघाला. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, विवऱ्याची गाडी मी स्वतः मोजली आहे."

ती गाडी कुठे गेली हे शोधताना शेलमधली 'रीड' ही आज्ञा मला पहिल्यांदा नीट समजली. आधी मी ती फक्त वापरत होतो.

रीड एका वेळी एक ओळ वाचते. तिच्यापुढे आपण व्हेरिएबलांची नावं लिहितो. व्हेरिएबल म्हणजे नाव चिकटवलेला डबा. गाव, वजन, भाव असे तीन डबे दिले की रीड ओळीतला पहिला शब्द पहिल्या डब्यात टाकते, दुसरा दुसऱ्यात, आणि पुढे जे काही उरेल ते सगळं शेवटच्या डब्यात. शब्द कुठे संपतो हे ती स्पेस पाहून ठरवते. 'विवरे बुद्रुक ६४ १४५०' ही ओळ आली तेव्हा गावाच्या डब्यात फक्त 'विवरे' पडलं, वजनाच्या डब्यात 'बुद्रुक', आणि भावाच्या डब्यात '६४ १४५०' हे दोन्ही आकडे एकत्र. रीडने सांगितलं तसंच केलं. गावाचं नाव दोन शब्दांचं असतं हे मी तिला सांगितलेलंच नव्हतं.

पण मग चुकीचा संदेश का आला नाही? शब्दाची बेरीज होत नाही, तिथे तरी अडायला हवं होतं. याचं उत्तर मला अजूनही अस्वस्थ करतं. बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर सर्वाधिक दिसणाऱ्या शेलमध्ये, हिशोबाच्या जागी रोमन अक्षरांतला शब्द आला तर शेल त्याला व्हेरिएबलचं नाव समजतं. 'बुद्रुक' नावाचा डबा आहे का ते ते शोधतं. असा डबा नसेल तर त्याची किंमत शून्य धरतं आणि पुढे जातं. दिवाणजींनी देवनागरीत टाइप केलं असतं तर बॅशने तिथेच चूक दाखवली असती, कारण देवनागरी शब्द त्याला व्हेरिएबलचं नाव म्हणून चालत नाही. विवऱ्याची गाडी शून्य क्विंटलची ठरली ती अशी.

उपाय अवघड नाही. उरलेलं सगळं शेवटच्या डब्यात जातं, म्हणून गावाचं नावच शेवटी घ्यायचं: आधी वजन, मग भाव, मग गाव. असं केलं की 'खिरोदा प्र. यावल' सुद्धा सगळं एका डब्यात मावतं. दिवाणजींना सवय बदलायला दोन दिवस लागले. बेरजेच्या आधी वजनाच्या डब्यात फक्त आकडे आहेत ना हे तपासणारी एक ओळही मी घातली. ती पहिल्याच दिवशी हवी होती.

दुसरा उपाय म्हणजे स्पेसऐवजी दुसरी खूण वापरणं. शब्द कुठे तोडायचे हे शेल 'आयएफएस' नावाच्या व्हेरिएबलमध्ये बघतं. त्यात मुळात तीन गोष्टी असतात: स्पेस, टॅब आणि ओळ संपल्याची खूण. तिथे स्वल्पविराम ठेवला की ओळ स्वल्पविरामावर तुटते आणि गावाच्या नावातली स्पेस शाबूत राहते. टॅब ठेवण्याचा मोह होतो, कारण टॅबने रकाने सरळ दिसतात. पण स्पेस आणि टॅब यांना शेल रिकामी जागा मानतं आणि लागोपाठ आलेल्या दोन टॅबना एकच धरतं. भाव ठरायचा म्हणून तो रकाना रिकामा सोडला, तर पुढचा रकाना सरकून भावाच्या डब्यात येतो. स्वल्पविरामाचं तसं होत नाही, दोन स्वल्पविरामांमधली रिकामी जागा रिकामीच राहते.

रीड ही जुनी आज्ञा आहे. केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये युनिक्स या लिनक्सच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिलेल्या पहिल्या शेलमध्ये अशा नाव दिलेल्या व्हेरिएबलांची सोयच नव्हती. स्टीफन बॉर्न यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर आलं, आणि त्यात व्हेरिएबलं होती, लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फेऱ्या, होती आणि रीडही होती. ब्रायन फॉक्स यांचं बॅश १९८९ चं. ओळ तोडण्याची जी रीत विवऱ्याच्या गाडीला नडली, ती बॉर्न यांच्या शेलपासून चालत आलेली आहे.

गाड्या हरवण्याची आणखी एक वाट आहे, आणि ती जास्त फसवी आहे. युनिक्सच्या व्याख्येत ओळ म्हणजे शेवटी 'ओळ संपली' ही खूण असलेली अक्षरांची रांग. एंटर दाबलं की ती खूण पडते. दिवसाची शेवटची गाडी टाइप करून एंटर न दाबताच फाईल सेव्ह केली तर शेवटची ओळ अर्धवट ठरते. रीड ती वाचते, डबेही भरते, पण सोबत 'फाईल संपली' असा इशारा परत देते. लूप तो इशारा पाहून थांबतं आणि भरलेल्या डब्यांकडे कुणी बघतच नाही. म्हणून जाणकार लोक लूपच्या अटीत एक भर घालतात: रीडने नाही म्हटलं तरी डब्यात काही असेल तर एक फेरी अजून कर.

तिसरी वाट पाइपची. एका आज्ञेचं उत्तर दुसरीकडे सोडायला शेलमध्ये पाइप जोडतात. फाईल अशी पाइपातून रीडच्या लूपमध्ये सोडली की बॅश ते लूप वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतःच्या एका स्वतंत्र चालत्या प्रतीत, चालवतं. त्या प्रोसेसला सगळ्या डब्यांची नक्कल मिळते, मूळ डबे मिळत नाहीत. आपल्या शब्दांत सांगायचं तर पोऱ्याने बांधावर बसून चिठ्ठीवर बेरीज केली, बरोबर केली, आणि चिठ्ठी तिथेच टाकून आला. घरच्या वहीत बेरीज शून्यच राहिली. फाईल पाइपाऐवजी थेट लूपच्या तोंडाशी जोडली की हा घोळ होत नाही. कॉर्न शेल आणि झेडशेलमध्ये पाइपातलं शेवटचं काम मूळ शेलमध्येच होतं, म्हणून एकाच्या संगणकावर नीट चाललेली स्क्रिप्ट दुसऱ्याकडे शून्य दाखवू शकते.

पाइपामुळे रीड हळूही चालते. विहिरीतून पाटात सोडलेलं पाणी परत विहिरीत घेता येत नाही, तसं पाइपातून उचललेलं अक्षर परत टाकता येत नाही. ओळ संपण्याच्या पुढचं एकही अक्षर चुकून उचललं जाऊ नये म्हणून रीड पाइपातून एकेक बाइट वाचते. शंभर गाड्यांना ते कळतही नाही. लाखभर ओळींची फाईल असेल तर ऑक हे ओळी आणि रकाने वाचणारं वेगळं साधन वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आकड्यांचीही एक गोष्ट सांगतो. दिवाणजींना रकाने सरळ दिसावेत म्हणून पुढे शून्य लावायची सवय होती. बॅश शून्याने सुरू होणारा आकडा आठाच्या पायावरचा समजतं. त्यामुळे ०८ लिहिलं की ते चूक दाखवून थांबतं, कारण त्या पद्धतीत आठ हा अंकच नाही. ०१० लिहिलं तर मात्र गप्प बसून त्याचे आठ करतं. थांबणारी चूक मला परवडते, दहा क्विंटलचे गुपचूप आठ झालेले परवडत नाहीत. आकड्याआधी दहाचा पाया लिहून दिला की हे टळतं. आणि रीडला नेहमी 'डॅश आर' जोडावं, नाहीतर ओळीतली उलटी तिरकी रेघ ती गिळून टाकते.

शेवटी कीबोर्ड. फाईल पुसण्याआधी स्क्रिप्टने 'हो की नाही' विचारावं आणि उत्तर मराठीत द्यावं, अशी माझी हौस होती. बॅशच्या रीडला एकच अक्षर घ्यायला सांगता येतं, एंटरची वाट न बघता. मी तसं केलं आणि 'हो' टाइप केलं. आपल्याला 'हो' हे एक अक्षर वाटतं. संगणकात ते दोन खुणांचं आहे, 'ह' आणि काना-मात्रा, आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, यातल्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. रीडने 'ह' घेतला आणि ती पुढे गेली. मागे राहिलेली मात्रा रांगेत थांबली आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचली गेली. आता मी एक अक्षर मागत नाही. पूर्ण ओळ मागतो, एंटरसकट, आणि अख्खा 'हो' आला तरच फाईल पुसतो.